आम्हाला कुणी विचारलं का?



बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. आधी गुडघा, मग मोतीबिंदू... कारणं तुम्हाला ठाऊकच आहेत. पण परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, तुमचं लोणार परत बातम्यांत आलंय गं! पाणी फार वाढलंय म्हणे. तू तिथली, तू लिही ना काहीतरी."

फोन ठेवला आणि मी त्या 'तुमचं' या शब्दापाशीच अडकले. लोणार माझं कसं? माहेर मेहकरचं, आता मुक्काम मुलाकडे बुलढाण्याला. पण नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं लोणारात गेली. ज्या गावात पोरांना बाराखडी शिकवली, ज्या गावातल्या बायका अजून रस्त्यात थांबवून "बाई, वळखलं का?" म्हणतात, ते गाव थोडंफार आपलं असतंच. पण सरोवर? ते कुणाचं? आज त्याबद्दलच लिहायचं आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

नात्यातल्या ज्या मंडळींनी लोणार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्गातलं बोलते. काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर आहे. तोंडाशी रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठावरून पाण्यापर्यंत सुमारे १३७ मीटर खाली उतरावं लागतं. पाणी खारं आणि अल्कधर्मी. बाहेर वाहून जायला वाटच नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं, उन्हाने वाफ होऊन जातं, खार मागे राहतो. असं किती हजार वर्षं चाललंय! मी शिकवत होते तेव्हा विवराचं वय पन्नास हजार वर्षं सांगायचे. पुढे २०१० च्या सुमारास आर्गॉन वायूवरून केलेली मोजणी आली आणि वय निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे मी कितीतरी तुकड्यांना चुकीचं शिकवलं. (माजी विद्यार्थ्यांनी गुण परत मागू नयेत!) गमतीचा भाग सोडला तर यातून एक गोष्ट मला पटली. जाणकारांचंही उत्तर बदलतं. त्यात लाज नाही. पण मग 'तुम्हाला काय कळतंय' असं जाणकारांनी गावाला म्हणू नये.

आता मूळ मुद्दा. या सरोवराचे मालक किती आहेत ते मोजून बघा. २००० साली ते अभयारण्य झालं, म्हणून आतलं जंगल वनखात्याचं. काठावरची नि आतली जुनी देवळं पुरातत्त्वखात्याची. भूशास्त्रवाल्यांनी त्याला राष्ट्रीय भू-वारसा ठरवलेलं, म्हणून ते त्यांचं. गावातल्या गटारी आणि रस्ते नगर परिषदेचे. भोवतालच्या जमिनीचे कागद महसूलखात्याकडे. पर्यटक आले की पर्यटन विकास महामंडळ. २००९ पासून नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका, म्हणून न्यायालयाचंही लक्ष. आणि २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेलं (महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरनंतर दुसरंच), म्हणजे आता ते साऱ्या जगाचं.

या यादीत गाव कुठे आहे?

हा प्रश्न माझा नाही. एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे. नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला ती नारळ, ओटीचं सामान विकायला बसते. तिची सासू बसायची, आता ती बसते. दोन वर्षांमागे भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, इथं काय काय होनार हाये म्हनतात. रस्ता, दुकानं, तिकीट. पन आमाले कोनं इचारलं का? आमी बसाचं कुठं?" मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. "होईल गं काहीतरी," म्हणाले. चाळीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा' शिकवणाऱ्या बाईचं हे उत्तर! फार लाज वाटली.

तसं पाहिलं तर लोणारसाठी काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. न्यायालयाने पाठपुरावा केला म्हणून पुष्कळ गोष्टी हलल्या. विभागीय आयुक्तांच्या पातळीवर समिती आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने सुमारे ३७० कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता दिली. वेडी बाभूळ काढायचं काम वनखात्याने हाती घेतलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं तेव्हा नागपूरची नीरी आणि पुण्याची आघारकर संस्था, दोघांनी नमुने तपासले. पाणी आटून खार वाढला, त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांचा रंग पाण्याला आला, असा उलगडा झाला. टाळेबंदीचे दिवस होते, घरात बसून कंटाळलेल्या जगाने लोणारचे फोटो पाहिले. आमच्या अमेरिकेतल्या पुतण्यानेसुद्धा मला तेच फोटो पाठवले, "काकू, हे खरं आहे का?" म्हणून.

त्याच पाण्याचं आता उलट झालं आहे. २००६ च्या सुमारास इतकं आटलं होतं की काठाला खाराचे थर दिसत. अलीकडच्या वर्षांत ते वाढत वाढत कमळजादेवीच्या देवळापर्यंत आलं. गोडं पाणी असं आत येत राहिलं तर खार पातळ होणार, आणि त्या खारात जगणारी हिरवी शेवाळं, सूक्ष्मजीव, त्यांवर जगणारे पक्षी, साऱ्यांचं गणित बिघडणार. पाणी का वाढलं? पाऊस किती जबाबदार, जमिनीतला पाझर किती, भोवतालच्या विहिरी-शेतांत काय बदललं, हे शास्त्रज्ञ शोधतील. पण मी विचारते, भोवतालच्या विहिरीचं पाणी कुठल्या साली, कुठल्या महिन्यात वर आलं हे कोणाला ठाऊक आहे? ज्याने रोज त्या विहिरीवर मोटार लावली त्यालाच ना? त्याच्या ओसरीवर जाऊन कुणी वही उघडून बसलंय का? गावाला विचारा असं मी म्हणते ते काही उपकार म्हणून नाही. गावाला जे ठाऊक आहे ते नागपूर-पुण्याच्या प्रयोगशाळेत सापडत नाही, म्हणून म्हणते.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाबद्दल. लोणार गाव विवराच्या अगदी काठावर आहे. वर्षानुवर्षं गावाचं सांडपाणी उताराने आत जात राहिलं. आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. मोरीचं पाणी मागच्या नालीत जायचं, नाली पुढच्या नाल्याला. त्यापुढे कुठे जातं हे मी कधी बघितलं नाही. मी! जी वर्गात फळ्यावर पाणलोटाचं चित्र काढायची, बाणांनी उतार दाखवायची! एकदा सहावीतल्या एका पोराने विचारलं, "बाई, मंग तुमच्या मोरीचं पानी कुटं जाते?" सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा धडा घेतला. तो प्रश्न पुढे कितीतरी वर्षांनी, वर्तमानपत्रात सरोवरात जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल वाचताना, आठवला. कपडे धुण्याची पावडर, भांड्यांची राख, सगळं मी त्या तळ्यात घातलं. कुणी मला सांगितलं नव्हतं हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं. गावाला आराखड्यात घ्या म्हणताना हेही कबूल करायला हवं. आपण नुसते पीडित नाही, वाटेकरीही आहोत.

लोकांना विचारायचं म्हणजे काय, याचाही एक नमुना मी पाहिला आहे. कुठल्या कार्यालयाची बैठक ते सांगत नाही, साल पण नको. नागरिकांच्या सूचना मागवायच्या म्हणून बोलावणं होतं. वेळ सकाळी अकराची, दिवस सोंगणीचे. शेतकरी कुठून येणार? आलेल्यांत बाया आम्ही तिघीच, त्यातल्या दोघी मास्तरणी. पडद्यावर चित्रं दाखवली, खालची अक्षरं इंग्रजी. बोलणाऱ्या साहेबांनी 'स्टेकहोल्डर' हा शब्द सात-आठदा वापरला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "बाई, हे इष्टेकवाले कोन हायेत?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच." त्याला वाटलं मी थट्टा करते! शेवटी चहा झाला, हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या. त्या सह्या पुढे 'लोकसहभाग' म्हणून कुठल्या फायलीत लागल्या असतील कोण जाणे. आराखडा आधीच छापून ठेवला होता, तो तर टेबलावरच दिसत होता.

विचारणं आणि सांगणं यात फरक आहे. हे सांगणं होतं.

घरात हा विषय निघाला की आमचे हे हसतात. हे महसूलखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे गावकी आतून पाहिलेली. म्हणतात, "अगं, लोकांना विचारशील तर काठावर आकाशपाळणे येतील, हॉटेलं येतील. जो तो आपल्या जागेचा भाव बघेल. मोठ्या तोंडाची चार माणसं बोलतील आणि तेच गावाचं मत म्हणून लिहिलं जाईल. सरोवर वाचवायचं तर कायदाच हवा."

यांचं म्हणणं खोटं नाही. पाण्यात किती खार असावा हे हात वर करून ठरत नाही. सांडपाणी आत जाऊ द्यायचं की नाही यावर मत घ्यायचं कारणच नाही, जाऊ द्यायचं नाही! पण नुसता कायदा काय करतो तेही बघा. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव पक्षी उद्यान आहे. १९८२ मध्ये तिथे गावच्या म्हशींना चराईबंदी केली, गावाशी न बोलता. दंगा झाला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. आणि पुढे काय? म्हशी गेल्यावर गवत बेसुमार वाढलं, उथळ पाणी त्याने भरून गेलं, पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. ज्या म्हशीला शत्रू समजलो तीच तळं साफ ठेवत होती. म्हशीवाल्यांना आधी विचारलं असतं तर कदाचित एका दुपारी कळलं असतं.

याच्या उलट ओडिशातलं चिल्का. समुद्राकडचं तोंड गाळाने बुजत गेलं, मासळी घटली, १९९३ मध्ये रामसरच्या धोक्यातल्या यादीत नाव लागलं. तिथल्या प्राधिकरणाने मच्छीमार गावांना बरोबर घेतलं, २००० मध्ये समुद्राला नवं तोंड काढून दिलं, आणि २००२ मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आलं. इतकं लांब कशाला, आपल्याच विदर्भात भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, 'मामा तलाव' म्हणतात. जुन्या काळी गावं ती राखत. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले आणि 'सरकारचा तलाव, सरकार बघेल' असं झालं. पण तिथेच काही गावांत धीवर समाजातल्या बायका-पुरुषांनी बेशरमाची झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती परत लावल्या आणि मासळी वाढली. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्यांना आजीपासून ठाऊक होतं.

म्हणून मी यांना म्हटलं, "कायदा हवाच, पण तो कुंपण झाला. कुंपणाच्या आतलं झाड कोण राखणार?" यावर हे पेपर वाचू लागले. म्हणजे पटलं असावं.

मग काय करावं? टीका करून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून माझ्या अल्पमतीला सुचतं ते लिहिते.

पहिलं, विचारायचं ते आराखडा काढण्याआधी. मराठीत, आणि लोकांच्या सवडीने. बाजाराच्या दिवशी, सोंगणीचे दिवस टाळून, बायकांची बैठक निराळी. मोठ्या तोंडाची चार माणसं बोलतील ही यांची शंका खरी आहे, म्हणूनच निराळी. काठावरचा शेतकरी, वाटाडे पोरं, देवळातले पुजारी, ओटीवाल्या बायका, गावची नाली काढणारा सफाई कामगार, या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. सगळ्यांना एका मांडवात बसवलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच प्रश्न ऐकू येतो.

दुसरं, जे बदलणार नाही ते आधीच स्पष्ट सांगायचं, कारणासकट. सांडपाणी नाही, काठाला बांधकाम नाही, आत प्लॅस्टिक नाही. माणूस 'का' कळल्यावर पुष्कळ सोसतो. संरक्षित देवळांपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, हा २०१० पासूनचा कायदा. दुरुस्तीलाही परवानगी लागते. जुन्या गावात देवळांच्या सावलीतच घरं आहेत. माझा एक विद्यार्थी गळक्या छपराखाली परवानगीची वाट बघत दोन पावसाळे काढतो, तेव्हा त्याला दैत्यसूदनाच्या देवळाचा अभिमान कुठून वाटावा? कायदा मोडा असं मी म्हणत नाही. पण अर्ज कुठे द्यायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, नवी जागा मिळेल का, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर असावं. हायमास्ट दिवे मागच्या पानावर चालतील.

तिसरं, समितीत गावाच्या खुर्च्या कायमच्या हव्यात, आणि झालेल्या बैठकीचा वृत्तांत मराठीत, मोठ्या अक्षरात, फलकावर लागावा. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत. केंद्राच्या पुढच्या मार्गदर्शक सूचनांत 'पाणथळ मित्र' नेमायची कल्पनाही आहे. १९९९ मध्येच रामसरवाल्या देशांनी स्थानिक लोकांना व्यवस्थापनात कसं घ्यावं याची तत्त्वं मान्य केली. म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये, कबूल केलेलंच मागते आहे.

आणि चौथं माझं लाडकं. शाळांना वह्या द्या. प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक आणि दहा विहिरींची नोंद. दर शनिवारी दोरीला दगड बांधून पाणी किती खोल ते मोजायचं आणि लिहायचं, अर्थात मोठ्या माणसाबरोबर. खर्च जवळपास शून्य. पाच वर्षांनी शास्त्रज्ञ येतील तेव्हा गावाने त्यांच्यापुढे वही ठेवावी. 'आम्हाला कुणी विचारत नाही' म्हणणाऱ्यांच्या हातात काहीतरी असावं ना!

जवळच सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या काळातला मोती तलाव आहे. तो बांधताना राजांनी गावाला विचारलं होतं का, मला माहीत नाही. राजेशाही होती, विचारायची पद्धत नव्हती. आता आहे. निदान नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि ते मी तीस वर्षं शिकवलं.

असो. फार लांबलं. टंकायला नात मदत करते, तिचीही बोटं दुखली असतील.

जाता जाता एक काम. लोणार, सुलतानपूरकडचे माझे माजी विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी एवढंच कळवावं: तुमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी गेल्या दहा वर्षांत कधी वर आलं, कधी खाली गेलं, चवीत फरक पडला का. आठवेल तसं लिहा, शुद्धलेखन तपासणार नाही. पहिली वही मीच घालते. आणि गुडघ्याने साथ दिली तर येत्या नवरात्रात लोणारला जाणार आहे. त्या ओटीवाल्या पोरीला भेटायचं आहे. "होईल गं काहीतरी" हे मागचं उत्तर परत घ्यायचं आहे, आणि ती कुठे बसू इच्छिते हे तिलाच विचारून वहीत लिहून आणायचं आहे.